गाडीला ‘नाही’ म्हणता आलं तेव्हा

माझ्या टाकीचा मूळचा लाल रंग आता विटून विटेसारखा झाला आहे. हॅण्डलचं निकेल खरवडलं गेलं आहे आणि माझ्या सीटला तीन वेगवेगळ्या कापडांची ठिगळं आहेत. मित्रांनो, मी एक मोटारसायकल आहे, आणि माझ्या वयाच्या बहुतेक गाड्या कधीच भंगारात गेल्या. मी मात्र अजून रोज सकाळी नाशिकच्या फुलबाजारात जाते. ते कसं, हे तुम्हांला सांगावंसं वाटतं. त्यात माझं कौतुक थोडं आणि छायाचं फार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे एकीकडून नुसता सांगाडा यायचा आणि दुसरीकडून गाडी बाहेर पडायची. कोणी माझं इंजिन बसवलं, कोणी चाकं, तर कोणी रंगीत वायरींची जुडी माझ्या पोटातून ओवली. त्या काळी डाव्या अंगाचा स्टँड म्हणजे लोखंडाची एक दांडी आणि एक स्प्रिंग, एवढंच असे. दांडी खाली आहे की वर, हे इंजिनाला कळायची काही सोय नव्हती. चावी फिरवली, किक मारली की आम्ही सुरू व्हायचो. पुढचं चालवणाऱ्याच्या नजरेवर.

चिमाजीबाबांनी मला नाशिकच्या दुकानातून घरी आणलं. नाशिकहून पिंपळगाव बसवंतकडे निघालं की ओझरच्या अलीकडे, हायवेपासून आत त्यांचा मळा आहे. भोवताली सगळ्या द्राक्षाच्या बागा आणि मधोमध यांची फुलं. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. बाबा आधी सायकलवर फुलं न्यायचे. मी आले त्या दिवशी त्यांच्या बायकोनं, नवसाबाईंनी, माझ्या चाकांवर पाणी घातलं, हॅण्डलला शेवंतीची माळ घातली आणि माझ्याकडं बघत म्हणाल्या, “लेक आली बया घरात.”

मी खूप कामं केली, मित्रांनो. फुलांच्या गोण्या नेल्या, खताची पोती आणली, निफाडच्या बाजारातून एकदा दोन शेळ्याही आणल्या. बाबा थकले तेव्हा त्यांच्या मुलानं, यादवनं, मला हातात घेतलं. यादवचं लग्न झालं आणि छाया या घरी आली तीही माझ्याच मागच्या सीटवर बसून. लोक म्हणायचे, “यादवची गाडी जुनी हाय, पण आवाज बघा, बासरी हाय बासरी.” मला ते ऐकायला आवडायचं.

मग ती सकाळ आली.

गणपतीचे दिवस होते आणि फुलांना घाई होती. यादवनं मागे झेंडूचे क्रेट बांधले, दोन्ही बाजूंना गोण्या लटकवल्या. डावी गोणी इतकी फुगली होती की तिच्याखाली स्टँड दिसत नव्हता. तो बसला, त्यानं किक मारली, गिअर टाकला आणि निघाला. स्टँड तसाच खाली होता. सरळ रस्त्यावर काही झालं नाही. पाटाच्या पुलाशी डावं वळण आलं, मी डावीकडे झुकले आणि ती लोखंडी दांडी रस्त्याला टेकली. माझं मागचं चाक उचललं गेलं. आम्ही दोघं पुलाच्या कठड्यावर आदळलो आणि यादवचा डावा पाय माझ्या आणि कठड्याच्या मधे सापडला.

पाय वाचला, पण आत सळई घालावी लागली, आणि घोटा कायमचा आखडला. डाव्या पायानंच गिअर टाकायचा असतो. यादवचं गाडी चालवणं तिथंच संपलं.

मला ट्रॅक्टरमध्ये घालून घरी आणलं तेव्हा नवसाबाई माझ्याकडं पाहायलाही तयार नव्हत्या. “पनवती हाय ही,” त्या म्हणाल्या. “माझ्या पोराचा पाय घेतला हिनं. भंगारवाल्याला बोलवा.”

यादव खाटेवर पडून होता. मला गोठ्याच्या मागे ढकलून ठेवलं आणि वर एक फाटकी ताडपत्री टाकली. उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या. एका कोंबडीला माझं कॅरिअर इतकं आवडलं की ती रोज तिथंच अंडं घालू लागली. त्या दिवसांत माझ्याकडं रोज येणारी तेवढीच एक होती.

घरातली फुलं आता शेजारच्या टेम्पोतून जाऊ लागली. पण टेम्पोवाला आधी स्वतःचे टोमॅटो भरायचा, मग जागा उरली तर यांची फुलं. बाजारात पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असायचं. मित्रांनो, फुलांचं आयुष्य सकाळचं असतं. उन्हं चढली की झेंडू एक वेळ तग धरतो, गुलाब मान टाकतो. तशी मान टाकलेली फुलं छाया परत आणायची आणि खताच्या खड्ड्यात ओतायची. ओतून झालं तरी बराच वेळ तिथंच उभी राहायची.

एक दिवस भंगारवाला खरंच आला. त्यानं ताडपत्री काढली, कोंबडीला हाकललं आणि माझ्या टाकीवर दोन थापा मारल्या. छाया शेतातून तशीच मातीच्या हातांनी आली.

“गाडी द्यायची नाय,” ती म्हणाली.

नवसाबाई दारातून ओरडल्या, “पुन्हा कोणाचा तरी जीव घेईल ती, छाये!”

“आई, हिच्यात पनवती नाय. एका वायरीची कमी हाय,” छाया म्हणाली. “बाजारात नव्या गाड्या बघते मी. स्टँड खाली असला की त्या चालूच होत नाय. ही तशी असती तर यांचा पाय शाबूत असता.”

भंगारवाला रिकाम्या हातानं गेला. मी लोखंडाची असले तरी त्या दिवशी मला काय वाटलं ते सांगता येत नाही.

छायानं मला ढकलत गावातल्या झुंबरच्या गॅरेजात नेलं. झुंबर यादवचा शाळेतला मित्र. तिचं सगळं बोलणं त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“वहिनी, नव्या गाड्या कंपनीतूनच तशा येत्यात. हिच्यात ती सोयच नाय. इंजिन करून देतो, ब्रेक करून देतो. पण हे असलं काम मी कधी केलं नाय, अन् न केलेल्या कामाची मी खात्री देत नाय.”

त्याचं हे बोलणं मला आवडलं. उगाच हो म्हणणारा तो नव्हता. इंजिन आणि ब्रेक तेवढे नीट करून त्यानं मला घरी पाठवलं.

छायाची थोरली बहीण प्रतिभा नाशिक रोडला राहते. ती आयटीआयमध्ये मुलामुलींना वायरमनचं काम शिकवते. रविवारी ती पिशवीत मीटर, पक्कड आणि टेप घेऊन आली. दोघी बहिणी अंगणात पोतं टाकून बसल्या आणि त्यांनी माझी सीट काढली. आतलं पाहून प्रतिभा हसायलाच लागली. वर्षानुवर्षं ज्यानं त्यानं मिळेल त्या रंगाची वायर जोडून वर टेप गुंडाळली होती.

“हे आधी साफ करू,” ती म्हणाली. “कुजक्या वायरीवर नवा स्विच लावण्यात अर्थ नाही.”

अख्खी सकाळ त्यातच गेली. मग प्रतिभानं बहिणीला एक काळी-पांढरी वायर दाखवली.

“हे बघ छाया. पेट्रोल पेटायला इंजिनाला ठिणगी लागते. चावी बंद केली की ही वायर गाडीच्या सांगाड्याला जोडली जाते आणि ठिणगी मरते. म्हणजे गाडी बंद. आता चावी जे करते, तेच स्टँडनं करायला हवं.”

“म्हणजे स्टँड खाली आला की ही वायर सांगाड्याला टेकली पाहिजे?”

“एवढंच.”

त्यांनी स्टँडच्या मुळाशी दाबाचा एक छोटा स्विच बसवला. स्टँड खाली आला की दांडी स्विच दाबायची आणि इंजिन गप्प. छायानं टोकं स्वतः जोडली. तिची बोटं फुलांचे हार ओवून तयार झालेली, वायर सोलताना आतली एकही तार तुटत नव्हती. उभ्या गाडीचं इंजिन तापवायचं तर मधला स्टँड होताच, त्याची काही अडचण नव्हती.

मग तिनं गाडी शिकायला घेतली. मळ्यातल्या गाडीवाटेवर ती मला चालवायची आणि बांधावर खुर्ची टाकून यादव ओरडायचा, “क्लच! क्लच सावकाश सोड! अगं, तिला दमानं घे!” पाय आखडल्यापासून त्याचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. छाया पडली, उठली, लायसन काढून आली आणि दिवाळीनंतर आम्ही दोघी पुन्हा फुलबाजाराला जाऊ लागलो. मला वाटलं, आता सगळं नीट झालं.

तसं झालं नव्हतं, मित्रांनो.

एका सकाळी पाटाचं पाणी फुटून आमच्या वाटेवर आलं होतं. आम्ही चिखलातून निघालो आणि हायवेला लागलो. मागून कांद्याचे ट्रक, पुढं द्राक्षांचे टेम्पो. छायानं वेग धरला, आणि माझं इंजिन एकदम बंद पडलं. चिखल स्विचमध्ये शिरून दाबाची कळ आत अडकली होती. स्टँड वर होता, पण स्विचला वाटलं तो खाली आहे. मागून मोठ्या कंटेनरचा हॉर्न वाजला. छायानं क्लच दाबला, घाबरून ब्रेक मारला नाही, आणि उरलेल्या वेगावर मला कडेच्या मातीत आणलं. कंटेनर इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्यानं वरच्या क्रेटमधली फुलं उडून रस्त्यावर पडली.

ती बराच वेळ माझ्या टाकीवर हात ठेवून उभी होती. मग तिनं स्विचची वायर सोडवून बाजूला केली, मला चालू केलं आणि बाजार गाठला.

घरी तिनं काही लपवलं नाही. सगळं ऐकून यादव पांढरा पडला.

“काढून टाक ते सगळं,” तो म्हणाला. “काढून टाक, अन् गाडी पण विकून टाक. या घरात एक जण लंगडा झाला तेवढा बस झाला, छाया.”

“स्विच चुकीचा होता, विचार चुकीचा नव्हता.”

“विचारानं ट्रक थांबत नाय!”

यादवचं म्हणणं खरं होतं आणि ते छायाला कळत होतं. मला तिचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते इथं. तिनं हट्ट केला नाही आणि हारही मानली नाही. तिनं तो चिखलानं भरलेला स्विच काढला, पिशवीत घातला आणि एसटीनं थेट नाशिक रोड गाठलं. त्या दोघींमध्ये काय बोलणं झालं ते मला पुढच्या रविवारी कळलं, कारण प्रतिभानं ते यादवसमोर पुन्हा सांगितलं. मुद्दाम सांगितलं.

“दाजी, चूक माझी होती. आयटीआयच्या बाकावरच्या जोडणीत चिखल नसतो, म्हणून मी तो हिशोबात धरलाच नाही. छायाला मी एकच विचारलं, स्विच बिघडला किंवा वायर तुटली तर गाडीनं काय करावं? थांबावं की चालत राहावं?”

“मग?” यादवनं विचारलं.

छाया म्हणाली, “मी म्हटलं, चालत राहावं. रस्त्याच्या मधी बंद पडण्यापेक्षा ते बरं. पण बिघाड झालाय हे मला घरातून निघायच्या आधी कळलं पाहिजे.”

यादवनं खुर्ची जवळ ओढली.

या वेळी त्यांनी चोर आला की घंटा वाजावी म्हणून घराच्या दाराला लावतात तसला, सगळीकडून बंद असलेला चुंबकाचा स्विच आणला होता. त्याला दाबायची कळच नव्हती, त्यामुळं चिखल अडकायला जागाच नव्हती. झुंबरनं स्टँडला लोखंडाची छोटी पट्टी जोडून दिली आणि तिच्यावर चुंबक बसवला. स्टँड खाली आला की चुंबक स्विचसमोर यायचा. नाजूक स्विचवर भार नको म्हणून प्रतिभानं मधे एक रिले टाकला. स्विचचा इशारा मिळाला की जोडणीचं काम रिले करायचा. आणि हॅण्डलवर, मीटरच्या बाजूला, एक लाल दिवा आला. चावी फिरवल्यावर स्टँड खाली असेल तर दिवा लागायचा. स्टँड खाली असूनही दिवा लागला नाही, तर समजायचं की कुठंतरी वायर तुटली आहे.

जोडून झाल्यावर छायानं माझ्यावर बादलीभर पाणी ओतलं. मग पाटातला चिखल आणून स्टँडच्या मुळाशी थापला. यादव खुर्चीवरून म्हणाला, “एवढ्यानं काय व्हतंय? अजून टाक.” तिनं अजून टाकला. मी चिखलानं माखले होते, पण स्टँड वर असताना एकदाही बंद पडले नाही आणि स्टँड खाली असताना एकदाही चालू झाले नाही.

“बघू,” यादव म्हणाला. एवढंच.

त्या दिवसापासून छायाची एक रीत झाली. मला बाहेर काढलं की ती आधी स्टँडवर उभी करायची, चावी फिरवून लाल दिवा बघायची आणि एक किक मारायची. मी चालू झाले नाही की समाधानानं मान हलवायची. मग स्टँड वर घ्यायची, दिवा विझलेला बघायची आणि दुसरी किक मारायची. शेजारी हसायचे. गाडी चालू होत नाही म्हणून खूश होणारी बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती.

मग दसरा आला. दसऱ्याला झेंडूची काय धांदल असते ते तुम्हांला ठाऊक आहे. घरातले सगळे उजाडायच्या आधीपासून फुलं भरत होते. छायानं रोजची तपासणी केली, मला चालू करून पाहिलं आणि बंद करून पुन्हा स्टँडवर लावलं, कारण अजून गोण्या बांधायच्या होत्या. मागं क्रेट, दोन्ही बाजूंना गोण्या. तेवढ्यात बाजारातून फोन आला, गिऱ्हाईक थांबलंय, लवकर ये. तिनं फोन खांद्याशी धरून मला सरळ उभं केलं. डाव्या गोणीखाली स्टँड दिसत नव्हता. बोलता बोलताच तिनं किक मारली.

मी चालू झाले नाही.

तिनं पुन्हा किक मारली. पुन्हा नाही. वैतागून तिनं फोन बंद केला, मीटरकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. लाल दिवा जळत होता. तिनं सावकाश वाकून गोणी उचलली आणि खालची दांडी पाहिली.

मित्रांनो, त्या दिवशी काहीच घडलं नाही. कोणी पडलं नाही, कोणाला लागलं नाही, वर्तमानपत्रात काही आलं नाही. छायानं स्टँड वर घेतला, दिवा विझला, मी चालू झाले आणि आम्ही पाटाच्या पुलावरून डावीकडं वळून बाजाराला गेलो. पण निघताना मी ओट्याकडं पाहिलं होतं. यादव भिंतीला धरून उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. त्याच्या हातातली झेंडूची माळ खाली पडली होती आणि ती उचलायचं त्याला भान नव्हतं.

दुपारी आम्ही परतलो. छाया उतरली तोच यादव लंगडत पुढं आला. त्याचे डोळे लाल होते.

“छाया, मला शिकव,” तो म्हणाला.

“गाडी?”

“गाडी नाय. हे. ही वायरींची जोडणी. पाय चालत नाय माझा, हात चालतात ना?”

छाया आत जाऊन पक्कड घेऊन आली.

तेव्हापासून झुंबरच्या गॅरेजात यादवचं एक बाकडं आहे. जुन्या गाड्यांना तो हा स्विच बसवून देतो. अडलं तर प्रतिभाला फोन करतो आणि जोडणी पक्की झाल्याशिवाय गाडी सोडत नाही. दूधवाले येतात, भाजीवाले येतात, निफाडकडचे ऊसवालेही येतात. झुंबर लोखंडाचं काम करतो, यादव वायरींचं. बाजारातून परतले की नमुना म्हणून मला बाहेर उभं करतात. नवसाबाईंच्या हातचा डबा रोज दुपारी तिथं पोचतो.

परवा सृष्टी नावाची कॉलेजातली मुलगी तिच्या वडिलांची जुनी गाडी घेऊन आली. काम संपल्यावर यादव तिला म्हणाला, “स्टँड खालीच राहू दे. आता मार किक.”

सृष्टीनं किक मारली. गाडी गप्प. तिनं पुन्हा मारली, आणखी जोरात. मग काळजीनं म्हणाली, “काका, बिघडली का हो?”

“बिघडली नाय,” यादव म्हणाला. “आजपर्यंत ती हो हो करत होती. आज नाय म्हणायला शिकली.”

मित्रांनो, आम्ही यंत्रं मुकी. जन्मभर तुमचं ऐकतो, चुकीचंही ऐकतो, कारण नाही म्हणायची वाट आम्हांला कोणी दिलेली नसते. तुमच्या घरी आमच्यासारखं कोणी जुनं असेल तर त्याला पनवती म्हणून टाकून देऊ नका, आणि जुनं ते सोनं म्हणून डोळे मिटून त्याच्यावर बसूही नका. त्याच्यात कशाची कमी आहे ते शोधा. जाणत्या माणसाकडून ती भरून घ्या. ती भरल्यावरही रोज तपासून बघा. आणि निघायच्या आधी, कितीही घाई असली तरी, एकदा खाली डावीकडं नजर टाका. घरी कोणीतरी तुमची वाट पाहत असतं.

सृष्टीनं हसत हसत स्टँड वर घेतला. तिची गाडी एका किकमध्ये चालू झाली, आणि ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत यादव दारात उभा राहिला.